आधी मोजा, मग बोला!

स्पर्धा परीक्षेची तयारी करताय? मग होमी भाभा तुम्हाला पाठच असणार. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष. ‘अप्सरा’ अणुभट्टी, ४ ऑगस्ट १९५६. मार्क खिशात, पुढचा प्रश्न!

पण या माणसाची एक सवय कुठल्याच गाइडमध्ये सापडत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला घाबरायचं नाही आणि ‘काही होत नाही हो’ असंही म्हणायचं नाही. आधी ते मोजायचं. आज शहरातल्या एखाद्या गल्लीत किरणोत्सार पसरल्याचा संशय आला, की हातात मीटर घेऊन पथकं फिरतात. आपल्याकडे या कामाचा पाया भाभांच्या काळात घातला गेला.

घरच्यांना इंजिनिअर हवा होता

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात चाललेलं भांडण भाभांच्या घरातही होतं. वडिलांना वाटे, पोराने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं. पोराचं मन मात्र फिजिक्समध्ये. शेवटी तोडगा निघाला. इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग पुढे हवं ते शिक. भाभांनी १९३० मध्ये तो आणला आणि फिजिक्सकडे वळले.

त्यांचा विषय होता कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे किरण. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि तिकडे महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे ते रुजू झाले. तिथे त्यांनी कॉस्मिक किरणांच्या संशोधनाचा विभाग उभा केला. किरण मोजायचे तर गायगर काउंटर हवा. किरण आत शिरला की हे यंत्र ‘टिक’ करतं, आणि टिक-टिक जितकी जास्त तितका किरणोत्सार जास्त. अवकाशाकडे रोखलेलं हेच यंत्र पुढे देशाच्या मातीवर फिरणार होतं.

जळकोटचा दगड, हैदराबादचा दगड

१९४५ मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पैसा कमी. तरी भाभांनी भूगर्भशास्त्रज्ञांच्या हाती काउंटर देऊन त्यांना डोंगरदऱ्यांत पाठवलं. झारखंडमधल्या जादुगुडाचं युरेनियम त्या शोधमोहिमेतच सापडलं. ही यंत्रं बाहेरून किती दिवस आणायची, म्हणून ए. एस. राव यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ती इथेच बनवायला घेतली. याच राव यांनी १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल उभारली. हो, ईव्हीएम बनवणारी तीच कंपनी.

आता तुमच्या ओळखीचा रस्ता घ्या. सोलापूर-हैदराबाद हायवे, नळदुर्ग, मग जळकोट, मग उमरगा. समजा, तुम्ही मीटर घेऊन एसटीत बसलात. जळकोटला आकडा कमी दिसेल, कारण आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम कमी असतं. हैदराबादजवळ ग्रॅनाइट लागला की आकडा वाढेल. कुठे गळती नाही, कुणाची चूक नाही, फक्त दगड बदलला. केरळच्या काही किनाऱ्यांवर तर थोरियम असलेल्या वाळूमुळे तो कितीतरी पटींनी चढतो.

म्हणून किरणोत्सार ‘आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. तो सगळीकडे आहे. आधी किती होता आणि आता किती आहे, हे विचारावं लागतं. पहिला आकडा लिहून ठेवला नसेल, तर दुसऱ्याला काही अर्थ नाही.

शहराच्या कुशीत अणुभट्टी

भाभांनी १९५४ मध्ये अणुसंशोधन केंद्रासाठी जागा निवडली ती तुर्भ्याची. चेंबूर, मानखुर्द हाकेच्या अंतरावर. पलीकडे खाडी, मासेमारी करणारे कोळी. त्याच वर्षी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी धूळ दूरच्या जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली. सगळं जग हादरलं होतं.

अशा काळात तुर्भ्याला किरणांपासूनच्या सुरक्षेसाठी वेगळा विभाग उभा राहिला. हवा, पाणी, माती यांचे नमुने घ्यायचे आणि मोजायचे. १९६० च्या फेब्रुवारीत भाभांनी एक लेखी सूचना काढली. तिचा आशय असा, की आमच्या केंद्रातल्या किरणोत्सारी वस्तूंमुळे कामगारांना किंवा बाहेरच्या कुणालाही इजा होता कामा नये, आणि काम इतकं चोख हवं की देशातल्या इतर संस्थांनी त्याचा कित्ता गिरवावा.

इथे एक प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. भट्टी बांधणारे तेच आणि मोजणारेही तेच? भाभांच्या काळात तसंच होतं. अणुऊर्जा नियामक मंडळ आलं १९८३ मध्ये. सवय चांगली असली, तरी तिच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी लागतंच.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं, त्यात भाभा गेले. वय अवघं ५६. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

मायापुरीची गल्ली

एप्रिल २०१०. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात माणसं आजारी पडू लागली, कातडी काळी पडू लागली. एका विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. आत कोबाल्ट-६०. कामगारांनी ते फोडलं, शिशाचं कवच निघालं, तुकडे वेगवेगळ्या दुकानांत गेले. एका कामगाराचा जीव गेला.

भाभा केंद्र आणि नियामक मंडळाची माणसं मीटर घेऊन दुकानामागून दुकान फिरली. आकडा चढला की थांबायचं, माणसं हटवायची, तुकडा शोधून जाड शिशाच्या पेटीत बंद करायचा. मग तीच जागा पुन्हा मोजायची. आकडा खाली आल्यावरच पुढे.

लक्षात घ्या, हे घडलं ते कॉलेजच्या लॅबमधून. यंत्र कुणी आणलं, आत काय आहे, याची नोंद आणि आठवण दोन्ही पुसली गेली होती. तुमच्या लॅबच्या कोपऱ्यात तीन काळ्या पात्यांचं चिन्ह असलेला धूळ खाणारा डबा दिसला, तर हात लावू नका. सरांना, मॅडमना सांगा आणि त्याची नोंद कुठे आहे ते विचारा. आणि हे मोजण्याचंच काम करावंसं वाटलं, तर भाभांनी १९५७ मध्ये सुरू केलेलं ट्रेनिंग स्कूल आजही सायन्स आणि इंजिनिअरिंगची मुलं घेतं.