विश्लेषण : बुरशीवरचे औषध मातीतून शोधणाऱ्या एलिझाबेथ हेझन कोण होत्या?

पावसाळा सुरू झाला की पायाला चिखल्या होतात, जांघेत नायटा उठतो, कमरेवर गजकर्णाचे चट्टे दिसू लागतात. दुकानातून एखादी ट्यूब आणली जाते, चार दिवस लावली जाते, खाज थांबली की कपाटात जाते. महिनाभरात चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. बुरशीवरच्या औषधांची आज दुकानात रांग लागलेली असली, तरी १९५० पूर्वी माणसाला निर्धोकपणे देता येईल असे बुरशीविरोधी प्रतिजैविक डॉक्टरांकडे नव्हते. ती उणीव भरून काढणारे पहिले औषध म्हणजे निस्टॅटिन. ते शोधले एलिझाबेथ ली हेझन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि रेचल फुलर ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ महिलेने. बुरशी मारणारी द्रव्ये हेझन यांना मातीत बरीच सापडली. अडचण ही होती, की त्यांतली जवळपास सगळी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांनाही सोसत नव्हती. ही अडचण समजली, की आजच्या मलमांचे आणि गोळ्यांचे नियमही समजतात.

मिसिसिपीतून न्यू यॉर्कला कशा आल्या?

हेझन यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या रिच या खेड्यात झाला. आईवडील कापूस पिकवणारे शेतकरी. एलिझाबेथ चार वर्षांची होण्याआधीच दोघेही वारले आणि काका-काकूंनी तिला व तिच्या बहिणीला लूला या जवळच्या गावी वाढवले. राज्यातल्या मुलींसाठीच्या सरकारी महाविद्यालयातून १९१० मध्ये त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि जॅक्सन शहरातल्या हायस्कुलात त्या जीवशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मात्र त्या इतर विद्यापीठांचे वर्ग करत राहिल्या. १९१६ मध्ये त्यांनी थेट न्यू यॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ गाठले आणि पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी मिळवली.

पहिल्या महायुद्धात लष्कराच्या प्रयोगशाळांत आणि नंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. पुन्हा कोलंबियात येऊन १९२७ मध्ये डॉक्टरेट घेतली, तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. त्या काळी इतक्या उशिरा आणि त्यातही बाईने संशोधनाची वाट धरणे हे फारसे कोणाच्या पचनी पडणारे नव्हते.

१९३१ मध्ये त्या न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. या नोकरीचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. हे विद्यापीठातले निवांत संशोधन नव्हते. साथ कुठून आली, रुग्णाच्या नमुन्यात नेमका कोणता जंतू आहे, हे सांगण्याचे ते काम होते. अँथ्रॅक्सच्या एका उद्रेकाचा माग काढत त्या वेस्टचेस्टरमधल्या ब्रशच्या कारखान्यापर्यंत पोहोचल्या होत्या. आधी जंतू ओळखायचा, मग बोलायचे, ही सवय इथे पक्की झाली.

बुरशीचा प्रश्न अचानक मोठा का झाला?

याचे एक कारण खुद्द प्रतिजैविके होती. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले, पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आले. न्यूमोनियाने, जखमा चिघळून मरणारी माणसे वाचू लागली. पण आपल्या तोंडात आणि आतड्यात जिवाणूंसोबत कँडिडा नावाची बुरशीही थोड्या प्रमाणात राहते. जिवाणूंच्या गर्दीमुळे तिला वाढायला जागा मिळत नाही. प्रतिजैविकांनी ही गर्दी साफ केली, की मोकळ्या रानात तण माजावे तशी ती माजते. जिभेवर पांढरा थर, घशात जळजळ, पोटाच्या तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागले आणि डॉक्टरांकडे धड औषध नव्हते. पेनिसिलिनचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. ते स्वतःच एका बुरशीपासून मिळालेले.

१९४४ मध्ये प्रयोगशाळांचे प्रमुख ऑगस्टस वॅड्सवर्थ यांनी बुरशीजन्य रोगांचे काम हेझन यांच्याकडे सोपवले. वयाच्या साठीला टेकलेल्या हेझन कोलंबियातील तज्ज्ञ ऱ्होडा बेनहॅम यांच्याकडे जाऊन बुरशीशास्त्र नव्याने शिकल्या. त्यांनी रोगकारक बुरशींचा संग्रह उभा केला आणि राज्यभरातले डॉक्टर पाठवतील ते नमुने तपासून कोणती बुरशी आहे हे कळवू लागल्या. रोगाचे नाव सांगता येत होते. उपचार काय, हा प्रश्न मात्र तसाच राहत होता.

बरण्यांतून आणि टपालातून चाललेले संशोधन

स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळाले होते. बुरशीवरचे औषधही तिथेच असेल, असा हेझन यांचा कयास होता. रसायनांच्या बाजूसाठी त्यांना जोडीदार मिळाल्या त्या रेचल ब्राउन. त्या याच विभागाच्या ऑल्बनी येथील प्रयोगशाळेत होत्या. न्यू यॉर्क शहरापासून ऑल्बनी सुमारे २४० किलोमीटरवर. १९४८ पासून दोघींचे एकत्र काम सुरू झाले आणि ते चालले अमेरिकेच्या टपाल खात्याच्या भरवशावर.

हेझन मातीच्या नमुन्यांतून सूक्ष्मजीव वाढवत आणि ते दोन बुरशींवर सोडून पाहत. एक कँडिडा, दुसरी मेंदूच्या आवरणाला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस. एखादा सूक्ष्मजीव या दोघींना रोखताना दिसला, की त्याचे संवर्धन लोणच्या-मुरांब्यासाठी वापरतात तशा काचेच्या बरणीत भरून ऑल्बनीला जाई. ब्राउन त्यातला प्रभावी अंश वेगळा काढून पुन्हा न्यू यॉर्कला धाडत. हेझन तो आधी बुरशीवर आणि मग प्राण्यांवर तपासत. बहुतेक वेळा गाडी या शेवटच्या टप्प्यावर अडे.

कारण मुळातच आहे. जिवाणू आपल्या पेशींपेक्षा फार वेगळा असतो. त्याच्यापुरते विष शोधणे त्या मानाने सोपे. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीची दूरची भावकी. केंद्रक, आवरण, आतली बरीचशी यंत्रणा सारखीच. तिला लागणारे विष आपल्यालाही लागण्याची शक्यता मोठी.

यश आले ते व्हर्जिनियातल्या मातीत. हेझन यांचे स्नेही वॉल्टर नोर्स यांच्या शेतातून त्यांनी आणलेल्या नमुन्यात एक नवा सूक्ष्मजीव सापडला. शेतमालकाच्या नावावरून त्याला स्ट्रेप्टोमायसिस नोर्साय म्हटले गेले. त्यातून दोन द्रव्ये मिळाली. एक प्राण्यांना घातक होते. दुसरे दोन्ही बुरशींना मारत होते आणि प्राण्यांना सोसतही होते. १९५० मध्ये दोघींनी हा शोध जाहीर केला. आधी दिलेले फंगिसिडिन हे नाव बदलून न्यू यॉर्क स्टेट या शब्दांवरून निस्टॅटिन हे नाव ठेवण्यात आले. स्क्विब कंपनीने उत्पादनाचे तंत्र बसवले आणि १९५४ मध्ये गोळ्या बाजारात आल्या.

निस्टॅटिन नेमके काय करते?

हे पुढच्या काळात उलगडले. बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असते, आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल. निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट चिकटते, आवरणाला भोके पाडते आणि आतले पोटॅशियम वगैरे बाहेर झिरपून बुरशी मरते. दोन रेणूंतल्या एवढ्याशा फरकावर हे औषध उभे आहे. थेट रक्तात दिले तर ते आपल्यालाही अपायकारक ठरते. पण गिळल्यावर ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही. त्यामुळे तोंड, आतडे, त्वचा, योनिमार्ग अशा जागी ते सुरक्षितपणे काम करते. याचीच दुसरी बाजू अशी, की रक्तात किंवा फुप्फुसात पसरलेल्या बुरशीवर या गोळ्यांचा उपयोग नाही.

त्यासाठी याच कुळातले दुसरे औषध पुढे आले. २०२१ मध्ये करोनानंतरच्या काळ्या बुरशीच्या वेळी ज्या अँफोटेरिसिन बीच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रात नातेवाईक वणवण फिरले, ते निस्टॅटिनचे भावंडच. ते शिरेतून द्यावे लागते आणि मूत्रपिंडांवर सतत लक्ष ठेवावे लागते. आणखी एक भावंड तर आपल्या घरचे आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. न्यू यॉर्कने औषधाला नाव दिले तसे पिंपरीने सूक्ष्मजीवाला दिले, ही गोष्ट पुण्यातही फार जणांना ठाऊक नसते.

पेटंटच्या पैशांचे काय झाले?

१९५७ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्या वर्षांत स्वामित्वधनापोटी १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. हेझन आणि ब्राउन यांनी त्यातला एक डॉलरही स्वतःसाठी घेतला नाही. निम्मा पैसा रिसर्च कॉर्पोरेशन या ना-नफा संस्थेच्या संशोधन अनुदानांना गेला आणि निम्मा दोघींच्या नावाच्या निधीला. बुरशीजन्य रोगांवरच्या संशोधनाला या निधीने मोठा आधार दिला. दोघी सरकारी पगारावरच राहिल्या.

औषधाचा प्रवास रुग्णालयापुरता राहिला नाही. १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात महापूर आला, तेव्हा भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी रोखण्यासाठीही निस्टॅटिन वापरले गेले. हेझन यांनी १९५५ मध्ये सहकाऱ्यासोबत रोगकारक बुरशी ओळखण्याचे सोपे मार्गदर्शक पुस्तक काढले. १९६० मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या कोलंबियाच्या प्रयोगशाळेत पाहुण्या संशोधक म्हणून जात राहिल्या. २४ जून १९७५ रोजी सिअ‍ॅटल येथे, नव्वदीला काही आठवडे कमी असताना, त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात दोघींची नावे नोंदली गेली.

आज ही औषधे वापरताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे बुरशी कोणती. निस्टॅटिन कँडिडावर चालते. गजकर्ण, नायटा करणाऱ्या बुरशीवर ते चालत नाही. तिथे क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन, ल्युलिकोनॅझोल अशी मलमे लागतात. शेजाऱ्याला लागू पडलेली ट्यूब आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळेच. बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर दुधाचा असेल तर ओल्या फडक्याने पुसला जातो. कँडिडाचा सहजी निघत नाही. निस्टॅटिनचे द्रावण बाटली हलवून घ्यावे आणि मोठ्यांनी ते लगेच न गिळता तोंडात घोळवावे, कारण जिथे लागेल तिथेच ते काम करते. थर गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस ते चालू ठेवावे. तोंडात असा थर वारंवार येत असेल तर रक्तातली साखर तपासावी. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी आणि दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.

गजकर्णाचे मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेवरही लावावे लागते. बुरशी कडेने पसरते. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असे नसते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही सहसा आणखी एक-दोन आठवडे मलम सुरू ठेवायला सांगतात.

सर्वांत मोठा घोळ तीन-चार औषधे एकत्र असलेल्या ट्यूबांचा आहे. त्यात क्लोबेटॅसॉलसारखे तीव्र स्टिरॉइड असते. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, म्हणून ट्यूब गुणकारी वाटते. पण स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते आणि बुरशी आत निवांत पसरते. जांघेतली कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे वळ उठतात. अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली गेली, तरी ती मागितल्यावर सहज मिळतात, हा अनुभव सर्वत्र येतो. भारतात बळावलेल्या, टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. आता ती इतर देशांतही आढळते आहे.

पोटात घेण्याच्या गोळ्यांचे गणित वेगळे. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन रक्तात शोषली जातात, त्यामुळे यकृताचा विकार, गर्भारपण, हृदय कमकुवत असणे या गोष्टी डॉक्टरांना आधी सांगाव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर यांतल्या काही औषधांचे जमत नाही. चट्टा जुना किंवा पसरलेला असेल, तर त्याच्या कडेची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी, स्वस्त तपासणी असते. डॉक्टरांकडे जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्याव्यात, रिकाम्या झालेल्याही. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णाचे रूप इतके बदलते, की नुसत्या नजरेला तो इसब वाटू शकतो.