हेन्री रो स्कूलक्राफ्ट : स्थलनामांचे घडवणारे

एखादे स्थलनाम कोणत्या भाषेतून आले, हे केवळ त्याच्या बाह्य रूपावरून ठरवता येत नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्याची काही नावे या दृष्टीने उद्बोधक आहेत. ती घडवणारे संशोधक हेन्री रो स्कूलक्राफ्ट यांच्या जीवनाचा परिचय आपण येथे करून घेऊ.

स्कूलक्राफ्ट यांचा जन्म २८ मार्च १७९३ रोजी न्यू यॉर्क राज्यातील गिल्डरलँड येथे झाला. काचनिर्मितीच्या घरच्या व्यवसायानंतर ते खनिजांच्या अभ्यासाकडे वळले. १८२२ मध्ये सू सेंट मरी येथे मूळ रहिवासी जमातींसाठी सरकारी प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी जेन जॉन्स्टन यांच्याशी विवाह केला. जेन यांचे वडील आयरिश व्यापारी, तर आई ओजिब्वे जमातीची होती. जेन इंग्रजी व ओजिब्वे या दोन्ही भाषांत लेखन करीत. स्कूलक्राफ्ट यांना ओजिब्वे भाषेचे आणि लोककथांचे ज्ञान मुख्यतः या कुटुंबाकडून लाभले.

१८३२ मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे प्रमुखाच्या मार्गदर्शनाखाली ते मिसिसिपी नदीच्या उगमाशी पोहोचले. तेथील सरोवराला एल्क या हरणाच्या जातीवरून पडलेले ओजिब्वे नाव होते. स्कूलक्राफ्ट यांनी मात्र ‘सत्य’ आणि ‘शीर्ष’ या अर्थांचे ‘वेरितास’ व ‘कापुत’ हे लॅटिन शब्द जोडले, त्यांची आद्य व अंत्य अक्षरे गाळली आणि ‘आयटॅस्का’ हे नाव सिद्ध केले.

१८३६ च्या करारात ते सरकारच्या बाजूने वाटाघाटी करणारे होते. या करारान्वये ओडावा व ओजिब्वे जमातींनी मिशिगनमधील विस्तीर्ण भूमी गमावली. १७८५ च्या कायद्यानुसार अशा भूमीची सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौरसांत मोजणी होई. हा चौरस म्हणजे टाउनशिप. नकाशावर तिची ओळख प्रथम केवळ क्रमांकाने असे. वसाहतकरी येत तेव्हा ते अनेकदा मायभूमीचे नाव सोबत आणीत. १८३६ मध्ये व्हर्मॉंटहून आलेल्यांनी वसवलेले व्हर्मॉंटव्हिल हे त्याचे उदाहरण होय. उत्तरेकडे मात्र वस्ती होण्याआधीच जिल्हे आखले गेले आणि त्यांपैकी अनेकांना स्कूलक्राफ्ट यांनी रचलेली नावे मिळाली. पुढे अल्पीना, अल्कोना, लीलनॉ ही जिल्ह्यांची नावे तेथील ग्रामीण टाउनशिपनाही लाभली.

ही नावे ऐकताना मूळ रहिवाशांची वाटतात. परंतु ओजिब्वे भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत ‘ल’ आणि ‘र’ हे ध्वनीच नाहीत. ‘अल्पीना’त अरबी उपपद ‘अल्’ आणि पक्षी या अर्थाचा ओजिब्वे शब्द, तर ‘अरेनॅक’मध्ये वाळू या अर्थाचा लॅटिन शब्द आणि भूमीवाचक ओजिब्वे शब्द एकत्र आले आहेत, असे अभ्यासक मानतात. विशेष म्हणजे आजच्या अल्पीना जिल्ह्याला १८४० मध्ये एका ओजिब्वे प्रमुखाचे, मेघगर्जना या अर्थाचे खरेखुरे नाव दिलेले होते. १८४३ मध्ये ते काढून तेथे हे कृत्रिम नाव योजले गेले.

‘लीलनॉ’शी जवळचे ‘लीलिनॉ’ हे नाव जेन यांनी कुटुंबाच्या हस्तलिखित नियतकालिकात टोपणनाव म्हणून वापरले होते. त्या १८४२ मध्ये निवर्तल्या आणि त्यांचे लेखन दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. स्कूलक्राफ्ट यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहाचा मात्र कवी लॉंगफेलो यांनी ‘हायावाथा’ काव्यासाठी आधार घेतला. १० डिसेंबर १८६४ रोजी वॉशिंग्टन येथे स्कूलक्राफ्ट यांचे निधन झाले.

त्यांनी मूळ रहिवाशांच्या कथा जतन केल्या हे त्यांचे ऋण मान्य करावे लागते. त्याचबरोबर, ज्यांची भूमी गेली त्यांच्या भाषेचा केवळ आभास नकाशावर उरला, हेही नोंदवावे लागते. म्हणूनच स्थलनामाचा अभ्यास करताना नावाच्या अर्थाबरोबरच ते कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने दिले, याचा शोध घेणे आवश्यक ठरते.