घर क्रमांक तीन, मेरेडिथ स्ट्रीट

१९३४ सालच्या अखेरीस आपल्या सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर मोइनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने रंगले, तेव्हा फ्रीलूटर्स संघाकडून वेस्ट इंडीजचा एक पाहुणा खेळून गेला. त्याचे नाव लिअरी कॉन्स्टंटाइन. या दौऱ्यापायी मायदेशी चालू झालेल्या मालिकेतला पहिला कसोटी सामनाही त्याला हुकला. आडव्यातिडव्या उड्या मारून झेल घेणारा, उंच फटके मारणारा, अंगावर येणारा वेगवान गोलंदाज. त्याच्या नुसत्या क्षेत्ररक्षणासाठी लोक तिकीट काढत. पण स्मरणिकेच्या या पानांवर आम्हाला त्याचे क्रिकेट थोडे आणि त्याचा संसार जास्त सांगायचा आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आज परदेशात बिऱ्हाड थाटून बसली आहेत, आणि आपण स्वतःही कधीकाळी परमुलखातून येऊनच हैदराबादकर झालो आहोत.

लिअरीचा जन्म २१ सप्टेंबर १९०१ चा, त्रिनिदाद बेटावरचा. वडील कोकोच्या मळ्यावर मुकादम होते आणि नावाजलेले क्रिकेटपटूही. आईकडचे पूर्वज गुलामगिरीतून आलेले. मुलगा शिकला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वकिलाच्या कचेरीत कारकून झाला. पण काळ्या कातडीच्या गरीब मुलाने वकील होणे त्या काळी जवळजवळ अशक्यच होते. क्रिकेटच्या दौऱ्यावर जावे तर नोकरी सुटायची, परत यावे तर नवी मिळायची नाही. १९२८ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर मिडलसेक्सविरुद्ध त्याने ८६ आणि १०३ धावा काढल्या, एका डावात ५७ धावांत सात बळी घेतले आणि हरत आलेला सामना जिंकून दिला. त्यानंतर नेल्सनच्या क्रिकेट क्लबाने त्याला बोलावले.

नेल्सन हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे गाव. तिथल्या लीगचा नियम असा, की प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच. बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात किंवा कचेरीत काम करून शनिवारी दुपारी खेळायला येणारे. क्लबावर कर्ज होते आणि गर्दी खेचणारा माणूस हवा होता. हंगामाचे ५०० पौंड ठरले. गिरणीतला विणकर वर्षभर राबला तरी या आकड्याच्या जवळपास पोहोचत नसे. त्यामुळे शनिवारी हा माणूस शून्यावर बाद झाला, की सोमवारी गावात त्याचा हिशेब होणार हे ठरलेलेच. उलट अर्धशतक काढले की प्रेक्षकांत डबे फिरत आणि त्यात पडलेली नाणी त्याची. आठवड्यातल्या संध्याकाळी क्लबाच्या पोरांना शिकवणे हेही कामातच धरलेले.

१९२९ च्या वसंतात तो आणि पत्नी नॉर्मा तिथे पोहोचले. थंडी आणि पाऊस दोघांनाही नवे. त्रिनिदादला चटईवर चेंडू भरभर उसळत येई. इथे ओल्या, मऊ खेळपट्टीवर तो अडखळत, उशिरा येई. लिअरी आधीच फटका मारून बसायचा. थांबायला शिकणे त्याच्या स्वभावाला जड गेले असणार, पण तो शिकला. गोलंदाजीत वेग कमी केला आणि चेंडू हळू-जलद टाकण्याची युक्ती साधली.

मैदानाबाहेरचे अवघड होते. त्या गावात काळा माणूस दिसणे हीच नवलाई. रस्त्याने चालताना लोक वळून बघत, मुले खिडकीला नाक लावून आत डोकावत. रंग साबणाने निघतो का, कोळशाच्या खाणीत काम करता का, असे पोरांचे प्रश्न. यात कुत्सितपणा नव्हता, तरी ते रोज ऐकणे काय असते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. शिवाय निनावी शिव्यागाळीची पत्रेही येत. लिअरीला निदान शनिवारच्या टाळ्या होत्या. नॉर्माला मात्र चार भिंती, परके शेजार आणि पाऊस एवढेच होते.

पहिला हंगाम संपता संपता लिअरीच्या मनाने घेतले, की करार मोडावा आणि घरी जावे. आमच्या मते त्याच्या साऱ्या चरित्रातला मोठा क्षण तो हाच, आणि त्यातला निर्णय नॉर्माचा आहे. ती अडून बसली. तीन वर्षांचा शब्द दिला आहे तर तो पाळायचा, हार मानून परतायचे नाही, असे तिचे म्हणणे पडले. जिला या गावाचा जास्त त्रास होता, तिनेच राहायचे ठरवले!

मग दोघे राहू लागले, आणि राहणे म्हणजे काय हे हळूहळू उमगू लागले. मेरेडिथ स्ट्रीटवर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतले तीन क्रमांकाचे घर त्यांचे झाले. शेजाऱ्यांशी बोलणे वाढले. जे लोक टक लावून बघत, त्यांच्यासमोर उभे राहून लिअरी वेस्ट इंडीजबद्दल व्याख्याने देऊ लागला. कुतूहल आहेच, तर त्याला उत्तर द्यावे, असा हा व्यवहारी मार्ग होता. १९३२ साली त्रिनिदादचाच लेखक सी. एल. आर. जेम्स त्यांच्याकडे राहायला आला. घरात स्वराज्याच्या चर्चा झडू लागल्या. त्रिनिदादचे पुढारी सिप्रियानी यांच्यावरचे जेम्सचे पुस्तक लिअरीच्या पैशाने छापले गेले, आणि जेम्सच्या मदतीने लिअरीने आपल्या क्रिकेटवरचे पुस्तक लिहिले. लिअरी खेळला त्या नऊ हंगामांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. हेही आलेच, हरणाऱ्या पाहुण्याला गाव इतके आपले म्हणाले असते का, याची आम्हाला शंका आहे.

याच लीगमध्ये शेजारच्या कोल्नला १९३५ मध्ये आपला अमरसिंग आला. लिअरी गेल्यावर नेल्सनची जागा १९३८ मध्ये लाला अमरनाथने घेतली. पुढे सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलला खेळले. मुंबईचा सुभाष गुप्ते रिश्टनला खेळला, आणि त्याने तर पुढे संसार थाटला तो थेट लिअरीच्या त्रिनिदादमध्ये. तो तिथेच वारला.

महायुद्धात लिअरी लिव्हरपूलला सरकारी कल्याण अधिकारी होता. वेस्ट इंडीजहून आलेल्या कामगारांना खोल्या मिळवून देणे, मालकांशी भांडणे, समजूत घालणे हे त्याचे काम. स्वतः सोसलेले तिथे उपयोगी पडले. जुलै १९४३ मध्ये लॉर्ड्सच्या सामन्यासाठी तो बायको-मुलीसह लंडनला गेला. इंपीरियल हॉटेलात चार रात्रींसाठी खोल्या आधीच ठरल्या होत्या. तिथे पोहोचल्यावर सांगण्यात आले, की एकच रात्र राहता येईल, कारण अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. चौदा वर्षे इंग्लंडात काढलेल्या, गावोगाव टाळ्या घेतलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. त्याने हॉटेलवर दावा लावला आणि १९४४ मध्ये तो जिंकला. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी! रक्कम नाममात्र, पण निकाल वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोहोचला.

पुढचे थोडक्यात सांगतो. कारकुनीत राहून गेलेले वकील होणे त्याने १९५४ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, लंडनला पुरे केले. त्रिनिदादला परतून मंत्री झाला, मग त्याच देशाचा लंडनमधला हाय कमिशनर. १९६३ मध्ये नेल्सनने त्याला नगराचे मानाचे नागरिकत्व दिले. १९६९ मध्ये तो ब्रिटनच्या उमराव सभेत बसला, तिथे बसणारा पहिला कृष्णवर्णीय. उमरावाला आपल्या पदवीत गावाचे नाव जोडायचे असते. त्याने दोन जोडली, त्रिनिदादचे माराव्हाल आणि लँकेशायरचे नेल्सन.

१ जुलै १९७१ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याचा देह त्रिनिदादला नेऊन सरकारी इतमामात पुरला. दोनच महिन्यांनी नॉर्माही गेली. मेरेडिथ स्ट्रीटवरच्या त्या घराच्या भिंतीवर आता निळी पाटी आहे. तिच्यावर नाव लिअरीचे आहे.