आग पुण्यात, संशय धुळ्यात

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की पुणे आठवते, मुंबईचे हायकोर्ट आठवते. धुळे सहसा आठवत नाही. पण १८७९ च्या उन्हाळ्यात रानडे धुळ्याला आले आणि त्याला कारण झाली पुण्यातली एक आग. त्या आगीशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी तिचा संशय त्यांच्या मागोमाग खानदेशात आला.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. बालपण कोल्हापुरात, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. वाचन इतके की विद्यार्थिदशेतच डोळे बिघडले. १८७१ मध्ये ते पुण्यात सबजज्ज झाले. नोकरी सरकारची, पण उरलेला वेळ सार्वजनिक सभेचा. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्यामागे डोके कोणाचे, हे सरकार ओळखून होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली.

फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात दरोडे घालून बंड सुरू केले. लोक घाबरलेले, सरकार त्याहून जास्त. अशात १३ मेच्या रात्री पुण्यातले पेशव्यांचे दोन वाडे पेटले. बुधवार वाडा खाक झाला, विश्रामबाग वाड्याचा मोठा भाग गेला. सुट्टीमुळे रानडे तेव्हा पुण्यातच होते. पुण्याचे चित्पावन ब्राह्मण मनातून राजद्रोही आहेत, असे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचे पक्के मत होते. फडके चित्पावन, रानडेही चित्पावन आणि सभा पुण्याची. तेवढे पुरले. सुट्टी संपायची वाट न पाहता धुळ्याला हजर व्हा, असा तारेने हुकूम आला.

खरे तर आगीच्या तपासात पहिला प्रश्न माणसाचा नसतो, जागेचा असतो. आग कुठे सुरू झाली? आग वर चढते आणि चढताना पसरते. म्हणून भिंतीवर तिची खूण बहुधा खाली निमुळती आणि वर रुंद उमटते. त्या खुणांवरून मागे मागे जात सुरुवातीची जागा शोधायची. एकमेकींशी न जोडलेल्या दोन सुरुवाती सापडल्या तर कोणी तरी आग लावल्याची शंका बळावते. पण लाकडी वाड्याच्या ठिणग्या वाऱ्यावर दूर जातात, कोसळलेली पेटती तुळई खाली नवी आग लावते. हे सगळे आधी तपासून बाजूला काढावे लागते. त्या काळी मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषक होता, पण त्याच्याकडे मुख्यतः विषबाधेची प्रकरणे येत. राखेतले तेल ओळखण्यासाठी आज वापरली जाणारी गॅस क्रोमॅटोग्राफी १९५२ ची. म्हणजे १८७९ मध्ये भिस्त साक्षीदारांवर, कबुलीवर आणि तर्कावर.

कायदा मात्र होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आग लावणे ‘आगळीक’ या सदरात येई. कलम ४३५ साठी नुकसान किमान १०० रुपयांचे लागे, पुढे १८८२ च्या दुरुस्तीने शेतमालाचे असेल तर १० रुपयांचे पुरे झाले. कायदा करणाऱ्याला खळ्याची किंमत कळत होती म्हणायची! राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा मालमत्ता ठेवायची इमारत जाळली तर कलम ४३६, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. १ जुलै २०२४ पासून हे सारे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आले आहे. नुसती आग लागली एवढ्याने गुन्हा होत नाही, नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. रानड्यांवर मात्र आरोपच ठेवला गेला नाही. त्यामुळे तो खोडून काढायलाही जागा नव्हती.

धुळे तेव्हा सगळ्या खानदेशाचे मुख्य ठाणे होते. तिथवर रेल्वे आलेली नव्हती. सोबत १७ वर्षांच्या रमाबाई. त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ मध्ये हे दिवस लिहून ठेवले आहेत. घरी येणारे टपाल आधी फोडले जाई. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रे येत, त्यांत दंग्यांच्या बातम्या असत. रानडे काय करतात, हे पाहण्यासाठीच ती धाडलेली असावीत. रानडे ती पत्रे पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत आणि कचेरीला जात. पोलन नावाचे एक गोरे अधिकारी त्यांच्याबरोबर फिरायला येऊ लागले. काही काळाने त्यांनीच सांगितले की, सरकारची शंका फिटली आहे. फडके जुलैमध्ये पकडले गेले. आग लावणाऱ्याचे आडनावही रानडेच निघाले. माधवरावांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

साक्री तालुक्यात आजही उन्हाळ्यात चाऱ्याची गंजी पेटली की पंचनाम्याआधी नाव ठरते. बहुतेक वेळा ते बांधावरून भांडण असलेल्या भाऊबंदाचे असते. लोंबकळणारी वीजवाहिनी कोणी पाहत नाही. ओला चारा रचला तर तो आतून तापून आपोआपही पेटू शकतो, हे तर अनेकांना खरेच वाटत नाही. अशा वेळी आग विझल्यावर जागा साफ करू नये, पंचनामा होईपर्यंत राख हलवू नये. नमुना घेणाऱ्यानेही तो हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीतच घ्यावा. साध्या प्लास्टिक पिशवीतून रॉकेल-पेट्रोलची वाफ निघून जाते.

जळालेल्या मृतदेहाचेही तसेच. मुठी वळलेल्या, हात कोपरात वाकलेले दिसले की नातेवाईक म्हणतात, मारामारी झाली. ती नुसती उष्णतेने आखडलेल्या स्नायूंची करामत असते. आम्ही शवविच्छेदनात श्वासनलिकेत काजळी आहे का ते पाहतो, रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे का ते तपासायला पाठवतो. त्यावरून आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता का ते कळते.

तज्ज्ञही चुकतात. १९९० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात लागलेल्या एका आगीत जमिनीवरच्या जळाल्याच्या खुणा पाहून, पेट्रोल ओतून घर पेटवल्याचा आरोप एका माणसावर आला. तपास करणाऱ्यांनी शेजारचे तसेच घर मुद्दाम पेटवून पाहिले, फक्त सोफ्याला काडी लावून. पाच मिनिटांच्या आत सगळी खोली एकदम भडकली आणि जमिनीवर तशाच खुणा उमटल्या. तो माणूस सुटला.

रानडे १८८१ मध्ये मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले, १८९३ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. हृदयविकाराने १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. बुधवार वाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबाग वाडा मात्र दुरुस्त होऊन आजही पुण्यात उभा आहे.