यशवंताची आई

नवरात्रात घरोघरी आदिमायेचा जागर चालू असता आम्हांस सावित्रीबाई फुले यांचे स्मरण होते. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी जन्मलेल्या या माउलीला स्वतःचे अपत्य नव्हते. मुलींच्या शाळेपायी त्यांनी सोसलेला छळ सर्वश्रुतच आहे. आम्ही येथे त्यांच्या घरातील पाळण्याविषयी लिहीत आहोत.

त्या काळी उच्चवर्णीय विधवेचा पाय घसरला, खरे तर कोणी तिला फसविले, तर लोकलज्जेस्तव विहीर जवळ करावी किंवा पोटच्या अर्भकाच्या गळ्याला नख लावावे, एवढेच मार्ग तिच्यापुढे उरत. फसविणारा मात्र उजळ माथ्याने वावरे! १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे व मूल ठेवून जावे, अशी सोय होती. त्या बाळंतिणींची व लेकरांची देखभाल सावित्रीबाईंनी केली.

१८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या माळी दांपत्याने दत्तक घेतला. दत्तक घेतात तो वंशासाठी, पिंडदानासाठी. येथे जात नाही, कुळ नाही, केवळ एका टाकलेल्या जिवाची कणव. त्याचे नाव यशवंत. त्यास त्यांनी शिकविले. तो पुढे डॉक्टर झाला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने कहर मांडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली व १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. तो दवाखाना यशवंताचा होता.