विश्लेषण : आयझॅक सिंगर – बायकोवरच्या प्रेमापोटी शिलाई मशीन बनवणारा नवरा, की आणखी कुणी?

घराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली काळी शिलाई मशीन अनेकांनी पाहिलेली असते. तिच्यावर नाव कोणतेही असो, आतल्या रचनेचा मोठा भाग १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या एका यंत्रावरून आलेला आहे. ते पेटंट होते आयझॅक मेरिट सिंगर याचे. हा माणूस ना शिंपी होता, ना शिकलेला अभियंता. तो नट होता. त्याची ही गोष्ट समजली, की मशीन टाका का सोडते आणि खाली दोऱ्याचा गुंता का होतो, हेही समजते.

गांधीजींनी सांगितलेली गोष्ट

यंत्रांबद्दल साशंक असलेल्या महात्मा गांधींनी शिलाई मशीनला मात्र अपवाद मानले होते. १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी झालेल्या संवादात त्यांनी त्याचे कारणही दिले. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट सिंगरला पाहवले नाहीत आणि निव्वळ प्रेमापोटी त्याने हे यंत्र बनवले, असे त्यांचे म्हणणे होते. ही गोष्ट अनेकांना आवडली आणि पुढे सांगितली गेली. प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळा आहे.

सिंगर नेमका कोण होता?

२७ ऑक्टोबर १८११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील पिट्सटाऊन येथे त्याचा जन्म झाला. वडील जर्मनीतून आलेले. आईवडील विभक्त झाले आणि बारा वर्षांच्या आसपास त्याने घर सोडले. थोरल्या भावाच्या यंत्रशाळेत तो काम शिकला, पण ओढा नाटकाकडे होता. मिळेल ते काम करायचे, पैसे साठले की नाटकमंडळीबरोबर गावोगाव हिंडायचे, असे त्याचे तारुण्य गेले. १८३९ मध्ये खडक फोडण्याच्या यंत्राचे पेटंट त्याने २,००० डॉलरना विकले आणि त्या पैशांतून स्वतःची नाटकमंडळी काढली. मंडळी चालली नाही आणि पैसेही संपले. पुढे त्याने लाकडी अक्षरे कोरण्याचे यंत्र बनवले. ते खपवण्यासाठी १८५० मध्ये तो बोस्टनला ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात आला, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

मग पहिले शिलाई मशीन कुणाचे?

सिंगरचे नव्हे. फ्रान्समधील शिंपी बार्थेलेमी तिमोनिये याने १८३० मध्येच यंत्राचे पेटंट घेतले होते. रोजगार जाईल या भीतीने पॅरिसमधील शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत वॉल्टर हंट याने दोन दोऱ्यांचा टाका घालणारे यंत्र केले, पण वेळेत पेटंट घेतले नाही. ते १८४६ मध्ये एलायस हाऊ याला मिळाले. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालचा दोरा नेणारा धोटा, म्हणजेच शटल, या दोन्ही गोष्टी हाऊच्या यंत्रात होत्या. अडचण अशी, की त्याची वाकडी सुई आडवी चाले आणि कापड पिनांवर उभे टांगावे लागे. थोडी शिलाई झाली, की कापड पुन्हा टांगायचे. वळणाची शिलाई तर जमतच नसे.

सिंगरने काय बदलले?

फेल्प्सच्या कारखान्यात दुसऱ्याच एका बनावटीची शिलाई यंत्रे दुरुस्तीला येत. त्यांचा धोटा गोल फिरे, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोऱ्याचा पीळ बिघडे. सिंगरने धोटा सरळ रेषेत मागेपुढे चालवला, सुई सरळ आणि उभी केली, कापड सपाट पाटावर ठेवले आणि ते दाबून धरायला वरून पाय दिला. पायाने चालवायची सोयही केली, त्यामुळे दोन्ही हात कापडासाठी मोकळे झाले. जॉर्ज झीबर या ओळखीच्या माणसाने नमुन्यासाठी ४० डॉलर दिले.

सिंगरने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, अकरा दिवसांत यंत्र उभे राहिले, पण टाका बसेना. कापडावर नुसते सैल फासे येत होते. कामगार कंटाळून निघून गेले. रात्री उशिरा सिंगर आणि झीबर निराश होऊन मुक्कामी निघाले. वाटेत लाकडांच्या ढिगावर बसले असताना ध्यानात आले, की वरच्या दोऱ्याचा ताण जुळवायचाच राहून गेला आहे. दोघे परत फिरले, ताण जुळवला आणि पाच टाके नीट पडले. १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळाले.

आपल्या मशीनला याचा काय उपयोग?

बराच. सिंगरला त्या रात्री छळणारा दोष आजही घरोघरी आढळतो. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झाले, की आपण बॉबिनला दोष देतो. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. पुढील क्रमाने पाहावे :

* दोरा ओवताना पाय वर घ्या. पाय खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही.
* सुई पूर्ण वरपर्यंत सारून स्क्रू घट्ट करा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, त्याच अंगाने नेढ्यात दोरा घालायचा. सपाट अंग तिच्या विरुद्ध बाजूला येते. सुई उलटी बसली, की टाके सुटतात.
* सुई कापडाप्रमाणे निवडा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, तलम कापडाला ११, जाडसर कापडाला १६. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई टाकून द्या.
* ताण थोडा थोडा बदला. वरचा दोरा खाली फासे टाकत असेल तर वरची फिरकी जरा आवळा. खालचा दोरा वर ओढला जात असेल तर ती सैल करा. दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापडाच्या थरांच्या मध्ये दडली, की टाका बरोबर. बॉबिन केसच्या बारीक स्क्रूला शेवटी हात लावा.
* पाट काढून दात्यांमधला कापूस ब्रशने साफ करा. मग छिद्रांत मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि आधी चिंधीवर शिवून जास्तीचे तेल निघू द्या. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल घालू नका, ते चिकट होऊन मशीन जड करते.
* पायमशीनचा पट्टा पाहा. सैल असेल तर चाक घसरते, फार ताठ असेल तर पाय भरून येतात.

पैसा कुणाला मिळाला?

पेटंटनंतर भागीदारांची गरज संपली. फेल्प्सला वाटा विकायला लावले. झीबर आजारी असताना त्याचाही हिस्सा ६,००० डॉलरमध्ये घेतला. एडवर्ड क्लार्क हा वकील मात्र टिकला, कारण खटले लढायला तो हवाच होता. हाऊने दावा लावला आणि १८५४ मध्ये सिंगरला १५,००० डॉलर मोजावे लागले. १८५६ मध्ये हाऊ आणि तीन मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली, तेव्हा कुठे कज्जे थांबले आणि व्यवसाय वाढला.

खरी अडचण किमतीची होती. यंत्र १०० डॉलरच्या पुढे आणि सामान्य कुटुंबाची वर्षाची कमाई सुमारे ५०० डॉलर. १८५६ च्या सुमारास क्लार्कने हप्त्यांची पद्धत आणली. थोडे पैसे आधी भरायचे, यंत्र घरी न्यायचे आणि उरलेली रक्कम महिन्याला फेडायची. सिंगरमधला नटही उपयोगी पडला. रस्त्याकडेच्या सजवलेल्या दालनांत मुली यंत्र चालवून दाखवत. बायकांना हे जमणार नाही, हा समज त्यातून मोडला. १८५३ मध्ये कंपनीने ८१० यंत्रे विकली होती, १८७० मध्ये हा आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला.

आणि ती बायको?

१८३० मध्ये लग्न केलेल्या कॅथरीनपासून सिंगर यंत्र बनवण्याच्या कितीतरी आधीच वेगळा झाला होता. मेरी ॲन स्पॉन्सलर त्याची पत्नी म्हणून त्याच्यासोबत राहत होती, नाटकात काम करत होती आणि मुले सांभाळत होती. १८६० मध्ये तिने त्याला दुसऱ्या स्त्रीसोबत बग्गीतून जाताना पाहिले. तिने जाब विचारला, त्याने मारहाण केली आणि प्रकरण पोलिसांत गेले. त्याचे एकाच वेळी अनेक संसार असल्याचे उघड झाले. सिंगर युरोपला निघून गेला. १८६३ मध्ये त्याने इझाबेला बॉयर हिच्याशी लग्न केले. त्याच वर्षी जुनी भागीदारी मोडून नवी कंपनी उभी राहिली आणि तो कारभारातून बाजूला झाला. वेगवेगळ्या स्त्रियांपासून त्याला एकूण २४ मुले झाली. २३ जुलै १८७५ रोजी इंग्लंडमधील पेन्टन येथे तो वारला. तिथला त्याचा प्रचंड वाडा तेव्हा पुरा झालेला नव्हता.

मग गांधीजी चुकले का?

माणसाबद्दल, होय. सिंगरने यंत्र बनवले ते पैशासाठी. पण यंत्राबद्दलचे त्यांचे निरीक्षण खरे ठरले. हाताने चौदा तास खाणारा शर्ट यंत्रावर सव्वा तासात होऊ लागला. अर्थात, वाचलेला प्रत्येक तास बाईच्या वाट्याला आला असे नाही. कारखान्यांत त्याच वेगाने कमी मजुरीत जास्त काम घेतले गेले. घरातले मशीन मात्र तिच्या मालकीचे राहिले. भारतातही कितीतरी घरांत त्यावर परकर-पोलकी शिवून मुलांच्या फिया भरल्या गेल्या. तुमच्या घरी असे मशीन झाकून पडले असेल, तर ते काढा, पुसा, तेलाचे थेंब सोडा आणि एक चिंधी घेऊन बसा. टाका बसला नाही, तर आधी वरचा ताण पाहा.