अ‍ॅलिस इव्हान्स: ब्रुसेलोसिसचं कोडं सोडवणारी शास्त्रज्ञ

पाळलेल्या कुत्रीचा गर्भ वारंवार पडत असेल किंवा कुत्र्याच्या वृषणांना सूज आली असेल, तर पशुवैद्य ब्रुसेलोसिसची शंका घेऊन रक्ततपासणी करायला सांगतात. हा आजार जनावरांकडून माणसांनाही होतो. ही गोष्ट आज सर्वमान्य असली, तरी ती जगाला पटवून देण्यासाठी अ‍ॅलिस इव्हान्स यांना अनेक वर्षं झगडावं लागलं.

अ‍ॅलिस यांचा जन्म 29 जानेवारी 1881 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील नीथ या गावी झाला. काही वर्षं शाळेत शिकवल्यानंतर त्या कॉर्नेल विद्यापीठात गेल्या. तिथे ग्रामीण शिक्षकांसाठी निसर्ग अभ्यासाचा मोफत अभ्यासक्रम होता. त्यातून विज्ञानाची गोडी लागली आणि 1909 मध्ये त्यांनी जिवाणूशास्त्राची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळवून त्या अमेरिकेच्या कृषी खात्यात दुधातल्या जिवाणूंचा अभ्यास करू लागल्या.

त्या काळी दोन वेगवेगळे आजार माहीत होते. माल्टा बेटावर सैनिकांना दीर्घकाळ ताप यायचा. त्याचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये शोधला होता आणि तो शेळीच्या दुधातून पसरतो, हे 1905 मध्ये लक्षात आलं होतं. दुसरा आजार गाईंचा. त्यात गाभण गाई गाभडायच्या. त्याचा जिवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये शोधला. या दोन जिवाणूंचा एकमेकांशी संबंध असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

अ‍ॅलिस यांनी दोन्ही जिवाणू शेजारी ठेवून तपासले, तेव्हा ते जवळचे नातलग निघाले. मग वरकरणी निरोगी गाईच्या निरशा दुधातूनही माणसाला ताप येऊ शकेल, असा धोक्याचा इशारा त्यांनी दिला. त्यांनी हे निष्कर्ष 1917 मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले आणि 1918 मध्ये प्रसिद्ध केले.

त्यावर विश्वास ठेवायला फारसं कुणी तयार नव्हतं. असं असतं तर आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, असा युक्तिवाद झाला. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखे नावाजलेले शास्त्रज्ञही साशंक होते. त्यातून अ‍ॅलिस या स्त्री, शिवाय डॉक्टरेट नसलेल्या. मात्र 1920 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला आणि ब्रूस यांच्यावरून या जिवाणूंच्या प्रजातीला ब्रुसेला हे नाव सुचवलं.

1922 मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच अ‍ॅलिस यांना या जिवाणूचा संसर्ग झाला. पुढची सुमारे वीस वर्षं ताप आणि थकवा अधूनमधून उलटत राहिला. तपासणीत काही सापडेना, म्हणून डॉक्टरांनी हा मज्जातंतूंच्या दुबळेपणाचा, म्हणजे जवळपास मनाचाच आजार ठरवला. अखेर एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांच्या शरीरातून जिवाणू मिळाला आणि त्यांचं दुखणं खरं होतं, हे सिद्ध झालं. 1928 मध्ये त्या अमेरिकेतल्या जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पुढे दुधाचं पाश्चरीकरण सर्वत्र रुजलं. 5 सप्टेंबर 1975 रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हयातीतच, 1966 मध्ये, त्या शिकल्या त्याच कॉर्नेलमध्ये लेलँड कारमायकेल यांनी बीगल कुत्र्यांच्या गर्भपातामागचा जिवाणू शोधला. हा ब्रुसेला कॅनिस. गाईंच्या ब्रुसेलोसिससाठीच्या नेहमीच्या रक्तचाचणीत तो पकडला जात नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. संसर्गानंतर रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून एकदा चाचणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करावी लागते. जिवाणू पेशींच्या आत दडून बसत असल्यानं दोन प्रतिजैविकं अनेक आठवडे देऊनही आजार उलटू शकतो. म्हणूनच नसबंदी, इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवणं आणि पुन्हा पुन्हा तपासणी करणं गरजेचं असतं. कुत्रीचं बाळंतपण करताना किंवा पडलेला गर्भ उचलताना माणसांनीही हातमोजे घालायला हवेत.

चाचणीत काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही, असं ब्रुसेलोसिसच्या बाबतीत म्हणता येत नाही. अ‍ॅलिस यांनी ते स्वतःच्या शरीरावर अनुभवलं होतं.